पन्नास कल्पना आहेत, पण कादंबरी विसाव्या पानावर थांबते

प्रश्न थोडक्यात असा आहे: "मी कोल्हापुरात एका शाळेत शिकवते. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलामुलींसाठी कादंबरी लिहायची आहे. मैत्रिणींबरोबर बसून विषयांची यादी केली. महापूर, कोल्हापुरी चप्पल, पेठेतला फुटबॉल, मोबाईलचं वेड, अकरावीचा ताण असे पन्नासेक विषय निघाले. पण जो घ्यावा तो विसाव्या पानाच्या आसपास थांबतो. महिन्यात पन्नास हजार शब्द लिहिण्याचं आव्हानही घेतलं होतं, ते दुसऱ्या आठवड्यात सुटलं. कल्पना शोधायच्या कशा आणि लिखाण शेवटापर्यंत न्यायचं कसं?"

तुमच्या यादीतले विषय चांगले आहेत. तुम्हाला कल्पना कमी पडताहेत असं मला अजिबात वाटत नाही. पण 'महापूर' किंवा 'मोबाईलचं वेड' एवढ्यावर निबंध होतो, कादंबरी होत नाही. कादंबरी सुरू व्हायला एका मुलाला किंवा मुलीला काहीतरी ठरवावं लागतं, आणि ते असं असावं लागतं की तिच्या वतीनं दुसरं कुणीही ठरवू शकणार नाही. या वयातल्या वाचकाचा जीव नेमका तिथं अडकलेला असतो. आजवर माझं सगळं घरानं ठरवलं, आता मी ठरवायला लागले तर माझं काय होईल आणि घराचं काय होईल? म्हणून बैठकीला बसाल तेव्हा विषय शोधू नका, निर्णय शोधा.

चपलेचंच घेऊन दाखवते. जून २०२५ मध्ये मिलानच्या एका फॅशन शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला दिसल्या आणि इथल्या कारागिरांचा साधा उल्लेखही नाही म्हणून केवढा गदारोळ झाला. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्येच भौगोलिक मानांकन मिळालं आहे. महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे त्यात येतात. ही झाली माहिती. आता अकरावीतली एक मुलगी डोळ्यांसमोर आणा. वडील चपला करतात, आई घरी बसून चपलांच्या चामड्याच्या वेण्या घालते. नव्या कॉलेजात मुलीनं हे कुणालाच सांगितलेलं नाही, कारण धंदा सांगितला की जात कळते. बातमी आल्यावर वर्गातली सगळी मुलं अभिमानाचे स्टेटस टाकतात. एक मैत्रीण विचारते, "अगं, चपला करणारं कुणी ओळखीचं आहे काय तुझ्या? प्रोजेक्टला मुलाखत पाहिजे." मुलगी घाबरून चप्पल लाइनीतल्या एका दुकानदाराचा नंबर देते. दुकानदार माल उचलतो तो तिच्याच वडिलांकडून, आणि तो मैत्रिणीला सरळ तिथला पत्ता देतो. शनिवारी ती वही-पेन घेऊन येणार आहे. आज गुरुवार.

बघा, एका प्रश्नानं किती हललं. खोटं बोलायचं, की खरं सांगायचं, की शनिवारी बाबांना कुठंतरी पाठवून द्यायचं? बाबांना मात्र मुलाखतीचं कळलंय आणि ते इस्त्रीचा शर्ट काढून बसलेत. चपलेची माहिती, मानांकन, मिलान हे सगळं आता मागं राहून आपापल्या जागी येईल. ते सांगण्यासाठी वेगळं प्रकरण लिहावं लागणार नाही.

असे निर्णय काढायला मी एकच व्यायाम देते. एका कोऱ्या पानावर, चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला न विचारता घरात जे जे ठरतं ते लिहून काढायचं. शाखा कुठली घ्यायची. नीटचा क्लास लावायचा की पोलीस भरतीच्या अकॅडमीत घालायचं. कुणाच्या घरी जेवायचं आणि कुणाच्या घरी नुसतं पाणी प्यायचं. बहिणीचं लग्न कधी करायचं. फोन कुणाचा वापरायचा, किती वेळ वापरायचा. तालमीत जायचं की नाही. आजोबांचं शेत विकायचं की ठेवायचं. पान भरलं की त्यातल्या पाच ओळी निवडा आणि प्रत्येकीपुढं तीन गोष्टी लिहा: हे कुणी ठरवलं, त्याच्या बाजूनं पाहिलं तर ते का बरोबर आहे, आणि कोणत्या दिवसापर्यंत हे बदलता येईल.

मधल्या गोष्टीवर बहुतेक जण घाईनं पुढं सरकतात. बाप रागीट आहे म्हणून नाही म्हणतो, आई घाबरट आहे म्हणून अडवते, असं लिहून मोकळे होतात, आणि विसाव्या पानावर सगळं थांबतं. थांबणारच, कारण रागीट बापाच्या विरुद्ध जाण्यात निर्णय कसला? वाचकाला पहिल्या पानावरच माहीत असतं की मुलगी बरोबर आहे. बापाचं म्हणणं खरं असेल, पाच एकर ऊस आणि सोसायटीचं कर्ज बघता बघणाऱ्याला पटेल असं असेल, तेव्हाच मुलीची पंचाईत होते. मग पानं आपोआप पुढं सरकतात.

आपल्याकडच्या कुमार कादंबरीची खरी अडचण इथंच आहे, म्हणून यावर जरा थांबते. परदेशी कादंबऱ्यांत मुलांना मोकळं सोडायची एक ठरलेली रीत असते: आई-वडील मेलेले असतात, नाहीतर कामात बुडालेले. ती रीत मंगळवार पेठेत आणून ठेवली तर चालत नाही. एखादं पोर खरंच पोरकं झालं तर चुलता असतो, मामा असतो, शेजारच्या काकू असतात, तालमीतले वस्ताद असतात. गल्लीतल्या पोरानं सिगारेट ओढली तर संध्याकाळच्या आत घरी कळतं. हे वास्तव लेखकाच्या वाटेतली धोंड म्हणून बघू नका. एवढ्या डोळ्यांच्या मधून एक गोष्ट लपवून ठेवणं, हेच केवढं मोठं कथानक आहे! मोठ्यांना गोष्टीतून बाहेर काढू नका. त्यांना घरातच, जेवणाच्या पानावरच राहू द्या. फक्त त्यांना एक गोष्ट माहीत नाही, किंवा माहीत आहे पण ते बोलत नाहीत, एवढंच ठेवा.

आणि मुलं खरंच घरापासून लांब पाहिजे असतील, तर कोल्हापूरनं त्याची सोय फार पूर्वी करून ठेवली आहे. १९०१ मध्ये इथं मराठा विद्यार्थ्यांसाठी बोर्डिंग सुरू झालं आणि शाहू महाराजांच्या पाठबळानं पुढं जैन, लिंगायत, मुस्लिम आणि इतर समाजांच्या मुलांची वसतिगृहं उभी राहत गेली. खेड्यातलं पोर गाठोडं घेऊन शहरात येतं, अनोळखी मुलांच्या खोलीत झोपतं, पहिल्यांदा स्वतःचं स्वतः ठरवतं. १९१५ ची गोष्ट लिहा नाहीतर आजच्या होस्टेलची, मोठी माणसं अंतरावर गेली आणि तरी पत्रातून, डब्यातून, फोनवरून हजर राहिली. ऐतिहासिक कुमार कादंबरी लिहायची इच्छा असणाऱ्यांनी गडकिल्ल्यांच्या पलीकडं जाऊन या बोर्डिंगांकडं बघावं असं मला मनापासून वाटतं. १९०२ चा पन्नास टक्के जागा राखून ठेवण्याचा हुकूम किंवा १९१७ चा सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा मुलं इतिहासाच्या पुस्तकात दोन ओळींत वाचतात. तो कायदा ज्या घराच्या दारात आला, त्या घरातल्या अकरा वर्षांच्या गुराख्याला आणि त्याच्या थोरल्या बहिणीला त्याचा काय अर्थ लागला असेल, हे कुणीतरी लिहायला हवं.

तिसरी गोष्ट मुदतीची. निर्णयाला शेवटचा दिवस नसेल तर पात्र विचार करत बसतं आणि लेखकही. आपल्या भागात मुदती शोधायला लांब जावं लागत नाही. दहावीचा निकाल, अकरावीचा फॉर्म, जोतिबाची चैत्र यात्रा, कारखान्याचा हंगाम. ऊसतोडीच्या टोळीबरोबर आलेली मुलगी हंगाम संपला की जाणार, म्हणजे मैत्रीला शेवटची तारीख आहे. फुटबॉलमध्ये हंगामाआधी खेळाडूंची नोंदणी होते. एका पेठेत वाढलेल्या मुलाला समोरच्या पेठेच्या संघाकडून बोलावणं आलं आणि तिथं त्याला खरंच खेळायला मिळणार आहे, इथं मात्र बाकावर बसावं लागणार, तर नोंदणीची शेवटची तारीख ही त्या कादंबरीचा कणा झाली. बाहेरच्याला यात एवढं काय वाटेल. कोल्हापूरच्या मुलाला आत्ताच घाम फुटला असेल.

महापुराला तर आकड्यांचं घड्याळच आहे. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा, ४३ फुटांवर धोका, आणि हे आकडे इथली शेंबडी पोरंही तोंडपाठ म्हणतात. २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. प्रकरणांना नावं देऊ नका, पातळी द्या. एकेचाळीस फुटांवर आजी घर सोडायला नाही म्हणते. त्रेचाळीसवर बाप लहान बहिणीला घेऊन पाहुण्यांकडं निघतो आणि पंधरा वर्षांच्या मुलाला सांगतो, मी तासाभरात परत येतो, तोवर आजी आणि गोठा बघ. रस्ता बंद होतो. आता गोठ्यातल्या दोन म्हशींची दावी सोडायची की नाही, हे त्यानं एकट्यानं ठरवायचं आहे. सोडली तर पोहून जगतील, पण हाताला लागतील याचा भरवसा नाही आणि म्हशींवरच घर चालतं. बांधून ठेवली तर बाप येईपर्यंत आपल्या ताब्यात आहेत, पण बाप येईल काय? पूर हा विषय इथं येईपर्यंत माझ्या मते रिकामा होता.

आता मैत्रिणींबरोबरच्या बैठकीबद्दल. सगळ्यांनी एकत्र बसून तोंडानं कल्पना सांगायच्या, कुणी कुणाला नावं ठेवायची नाहीत, ही पद्धत ॲलेक्स ऑस्बॉर्न या अमेरिकी जाहिरातवाल्यानं १९४०-५० च्या दशकांत लोकप्रिय केली. १९५८ मध्ये येल विद्यापीठातल्या संशोधकांनी ती तपासली, तेव्हा उलटंच दिसलं: तेवढीच माणसं वेगवेगळी बसली आणि नंतर त्यांच्या कल्पना एकत्र केल्या तर जास्त आणि चांगल्या कल्पना मिळाल्या. पुढच्या अभ्यासांत एक मोठं कारण सापडलं. एक जण बोलत असताना बाकीच्यांना थांबावं लागतं, आणि थांबता थांबता डोक्यातलं निसटतं. म्हणून बैठक जरूर घ्या, पण पहिली वीस मिनिटं कुणी तोंड उघडायचं नाही. प्रत्येकीनं न विचारता ठरलेल्या गोष्टींचं आपलं पान लिहायचं, मग पानं फिरवायची. दुसरीनं त्यात एकच भर घालायची: मुलीचा ज्याच्यावर सगळ्यात जास्त विश्वास आहे तोच माणूस विरोधात गेला तर? तिसरीनं लिहायचं: आणि ते सगळ्यांच्या देखत झालं तर? बोलणं त्यानंतर. बोलतानाही फक्त प्रश्न विचारायचे, उत्तरं सुचवायची नाहीत. एक सावधगिरी बाळगा. आख्खी गोष्ट मैत्रिणीला रंगवून सांगू नका. सांगताना जी दाद मिळते, तिच्यावर मन भरतं आणि लिहायची भूक मरते. हे मी अनेक गुणी लेखकांच्या बाबतीत पाहिलं आहे आणि फार वाईट वाटतं.

पन्नास हजार शब्दांचं आव्हान सुटलं म्हणून स्वतःला बोल लावून घेऊ नका. ती कल्पना १९९९ मध्ये अमेरिकेत सुरू झाली. पुढं नोव्हेंबरच्या तीस दिवसांत रोज साधारण १,६६७ शब्द असा तिचा हिशेब ठरला. चालवणारी संस्था २०२५ मध्ये बंद झाली, आव्हान मात्र लोक घेतच आहेत. तो आकडा इंग्रजीसाठी धरलेला आहे. तिथं चार सुटे शब्द लागतात त्या जागी आपण 'घरातल्यांसाठीसुद्धा' असा एकच लिहितो, त्यामुळं मराठीतले पन्नास हजार शब्द हा पुष्कळ मोठा ऐवज होतो. कुमार वाचकासाठी पंचवीस ते तीस हजार शब्दांची मराठी कादंबरी मला भरपूर वाटते. शिवाय नोव्हेंबर म्हणजे दिवाळीची आवराआवर, पाहुणे आणि लगेच दुसरं सत्र. शिक्षिकेनं तो महिना का निवडावा?

तुमच्यासाठी मी शब्दांऐवजी प्रसंग मोजेन. आठवड्याला एक प्रसंग, आठशे ते हजार शब्दांचा, आणि प्रत्येकाला एक अट. क्रमानं लिहायचं नाही. तुमची वीस पानं मी न वाचता सांगू शकते की ती ओळख करून देण्यात गेली असणार: घर, आजी, शाळा, मैत्रिणी, गल्ली. त्याऐवजी पहिल्या आठवड्यात थेट तो क्षण लिहा, जिथं मुलगी हो किंवा नाही म्हणते. दुसऱ्या आठवड्यात जेवणाचा प्रसंग: सगळ्यांना गोष्ट माहीत आहे, रविवारचा तांबडा-पांढरा समोर आहे आणि शेवटपर्यंत कुणीही ती गोष्ट काढत नाही. हा प्रसंग जमायला वेळ लागतो, लागू द्या. दोनदा, तीनदा लिहा. मराठी घरातलं निम्मं भांडण ताटावर न बोलता होतं आणि कुमार वाचक ते बरोबर ओळखतात.

मग विरोध करणाऱ्या मोठ्या माणसाला सगळ्यात चांगली वाक्यं द्यायची आणि मुलीला निरुत्तर करायचं, असा एक प्रसंग. फोनचा एक: घरात स्मार्टफोन एकच आहे, आईचा, मेसेज येतो तेव्हा फोन आईच्या हातात आहे, मेसेजचा मजकूर लिहायचा नाही, फक्त दोघींचे चेहरे आणि हात. एक प्रसंग कौशल्याचा. मुलगा आखाड्यातली माती मोकळी करतोय, मुलगी वेणी घालतेय, गुऱ्हाळावर काहिलीतला पाक बघतोय, जे काही तो मनापासून चांगलं करतो ते दाखवा. एखादं काम हातखंडा करणारं पोर वाचकाला लगेच आपलं वाटतं. आणि ज्या प्रसंगाला तुम्ही घाबरता तो सहाव्या-सातव्या आठवड्यात लिहून टाका. शेवटी लिहू म्हणून ठेवलात तर कादंबरी तिथवर पोचणारच नाही.

बारा प्रसंग झाले की जमिनीवर मांडा. कोणता आधी, कोणता नंतर हे तेव्हा ठरवा. दोन प्रसंगांच्या मध्ये जिथं वाचकाला "हे असं कसं झालं?" असं विचारावंसं वाटेल, तिथंच नवं लिखाण लागेल. बाकीची जोडणी एका ओळीत होते. एखादा आठवडा चुकला तर पुढच्या आठवड्यात दोन लिहायला जाऊ नका, आहे तिथून पुढं चला. आणि उठताना पुढं काय होणार याची एक ओळ खाली लिहून ठेवा.

याच काळात वाचनही चालू असू दे. करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासून आपल्या शहरात आहे. तिथं किंवा तुमच्या शाळेच्या ग्रंथालयात बसून कुमार कादंबऱ्या घ्या आणि फक्त एवढं शोधा: मुलानं स्वतः घेतलेला पहिला निर्णय कितव्या पानावर आहे? बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतं. त्याचे जुने अंक चाळताना प्रत्येक पिढीत मुलांना किती मोकळीक दिली गेली हे लक्षात येईल.

भाषेचं थोडक्यात. कोल्हापूरची मुलगी घरात "मी आलो", "मी जेवलो" म्हणते. संवादात ते तसंच ठेवा, "मी आले" करून तिला पुण्याला पाठवू नका. निवेदन तिच्याच तोंडून असेल तर पहिल्या पानावर ती मुलगी आहे हे स्पष्ट होऊ द्या, म्हणजे नागपूरचा वाचक गोंधळणार नाही. चालू बोलीतले शब्द मात्र हात राखून वापरा, पुस्तक छापून येईपर्यंत ते शिळे होतात. बोलण्याची लय टिकते, ती पकडा.

कायद्याच्या बाबतीत हयगय नको, कारण तुमचा वाचक पुस्तकातली माहिती खरी धरून चालेल. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या पोक्सो कायद्यानुसार अठरा वर्षांखालची व्यक्ती बालक आहे, आणि अशा अत्याचाराची माहिती मिळालेल्या शिक्षकावर ती पोलिसांना कळवण्याचं बंधन आहे. म्हणजे तुमच्या गोष्टीतल्या मायाळू बाई "हे आपल्या दोघींतच राहू दे" असं म्हणाल्या, तर त्या कायदा मोडताहेत, आणि लेखिकेला ते ठाऊक असलं पाहिजे. सतरा वर्षांच्या मुलीचं लग्न ठरवलं असेल तर तिला १०९८ हा मुलांच्या मदतीचा फोन क्रमांक कुठूनतरी दिसू द्या. तिनं तो फिरवायचा की नाही हे ती ठरवेल.

मसुदा तयार झाला की स्वतःच्या वर्गाला वाचून दाखवू नका. आपल्या बाईंना मुलं चांगलंच सांगणार. ओळखीच्या दुसऱ्या शाळेतल्या आठवी-नववीच्या पाच-सहा मुलांना, लेखिकेचं नाव न सांगता, मैत्रिणीकडून तीन प्रकरणं वाचून घ्या. "आवडलं का?" हा प्रश्न विचारायचा नाही. "आता ती काय करेल?" एवढंच विचारायचं. कुणालाच उत्तर सुचलं नाही, तर निर्णय अजून स्पष्ट झालेला नाही आणि पहिल्या आठवड्याचा प्रसंग पुन्हा लिहावा लागेल. सगळ्यांनी एकच उत्तर दिलं, तर विरोध करणाऱ्या माणसाची बाजू लंगडी आहे, तिथं काम करा. आणि "ती असं करणार नाही", "करेल की, करायलाच पाहिजे" अशी त्यांची आपसात जुंपली, तर कोण काय म्हणालं ते शब्दशः टिपून घ्या आणि चौथं प्रकरण त्याच आठवड्यात लिहायला बसा.